पैसे भरून पुस्तक काढून देणारी सेवा: छपाई बरी, करार घातक

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीकडून मी कथासंग्रह छापून घेतला; कागद आणि बांधणी उत्तम असली, तरी ही सेवा मी कोणाला सुचवणार नाही. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, त्यांनी वेगळी रक्कम लावली होती, वास्तविक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी हा क्रमांक स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही विनामूल्य देते. मुद्रितशोधनाचेही पैसे घेतले, पण फाँट बदलताना शेजारच्या अक्षरावर सरकलेले रफार पहिल्याच पानावर तसेच राहिले. ‘राज्यभर वितरण’ म्हणजे एका संकेतस्थळावरची नोंद. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकात एकही प्रत पोहोचली नाही. हे एक वेळ चालवून घेता येईल, परंतु करारात हक्क कंपनीकडे देताना मुदतच लिहिलेली नव्हती, आणि प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत नमूद नसल्यास हस्तांतरण ५ वर्षांचे मानले जाते. म्हणजे छपाईचा सगळा खर्च सोसूनही दुसरी आवृत्ती अन्यत्र काढण्यास लेखकाला तेवढे थांबावे लागू शकते. मांडणीची मूळ फाईल मागितल्यावर तिचेही निराळे शुल्क सांगण्यात आले.