८७५१ घ्यावी की ८०५१?
इंटेलच्या ८०५१ घराण्यातल्या या दोन जुन्या मायक्रोकंट्रोलर चिप (मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक). पाय ४०, प्रोग्रामला जागा ४ केबी, दोन्हींत सारखंच. फरक प्रोग्राम भरण्यात आहे.

८७५१ मध्ये ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी असते. वरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश दिला की चिप कोरी होते, पुन्हा लिहिता येते. (खिडकीवर स्टिकर लावाच, उन्हात प्रोग्राम हळूहळू पुसला जातो.) खिडकीमुळे सिरॅमिक पॅकेज लागतं, म्हणून ती महाग.

८०५१ चा प्रोग्राम कारखान्यातच मास्कने (चिपवर नक्षी उठवायच्या साच्याने) पक्का व्हायचा. हजारोंच्या ऑर्डरीत स्वस्त, पण कोडमध्ये एक चूक राहिली की अख्खा लॉट भंगारात.

कोड बदलतोय तोवर ८७५१च बरी होती. शे-दोनशे नगांसाठी तर मास्कच्या वाटेला जाण्यात अर्थच नव्हता. पुढे फ्लॅशवाली (विजेनेच पुसता येणाऱ्या मेमरीची) ८९सी५१ आली आणि हा पेच बराचसा सुटला.