फातोर्ड्याच्या सामन्याला पायी: कदंब स्टँड ते गेट, आणि परत

मडगावच्या फातोर्ड्याला फुटबॉलचा मोठा सामना बघायचा असेल तर गाडी कदंब बस स्टँडच्या पुढे नेऊ नका. तिथून स्टेडियम चालत बारा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि त्या बारा-पंधरा मिनिटांत जे अनुभवायला मिळते ते आतल्या सर्वांत महागड्या तिकिटातही मिळत नाही. गोव्यातल्या मॅचच्या दिवसाचा हा सर्वोत्तम भाग. गेटवरची व्यवस्था बरी म्हणावी अशी, आणि सामना संपल्यावर घरी परतण्याची सोय फारच तोकडी.

गाडी का नको, हे स्टेडियमच्या जागेवरूनच कळते. १९८९ साली उभे राहिलेले हे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम शहराबाहेरच्या माळावर नाही, भरवस्तीत आहे. एके काळी इथे क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही झाले. २०१४च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज वारसा असलेल्या देशांच्या) स्पर्धेसाठी त्याचा कायापालट झाला, २०१७ला सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, आणि आज आत सुमारे १९,००० माणसे बसतात. आत बरेच बदलले, पण भोवतालचे रस्ते वस्तीचेच राहिले: कुंपणे, बाल्कांव (घरापुढच्या बसायच्या ओसऱ्या), माड, मध्येच दुकान. एवढ्या रस्त्यांवर हजारो माणसे आणि त्यांच्या गाड्या एकाच तासात मावत नाहीत. पोलीस जवळचे रस्ते बंद करतात, मग लोक मिळेल त्या कडेला गाडी लावतात. सामन्यानंतर पुढची गाडी निघेपर्यंत मागची हलत नाही. दुचाकीवाल्यांचे तर जास्तच हाल, कारण त्यांच्या गाड्या तीन-तीन रांगांत अडकून पडतात. रविवारी यात आणखी भर पडते. रवींद्र भवन जवळच आहे, आणि तिथे तियात्राचा (कोंकणी संगीत नाटकाचा) किंवा नाटकाचा प्रयोग असला तर तिथले पार्किंग आधीच भरलेले असते. जाण्याआधी प्रयोगाची जाहिरात पाहून घ्यावी.

कुठून चालायला सुरुवात करायची हे तुम्ही कुठून येता त्यावर ठरते. पणजीची शटल थेट कदंब स्टँडवर सोडते, तेव्हा तिकडून येणाऱ्यांना वेगळा विचार करायला नको. काणकोण-केप्याकडून येणारे शहरात नगरपालिकेपाशी उतरले तर तिथून दोनेक किलोमीटर, म्हणजे रमतगमत अर्धा तास. हा रस्ता आम्ही आवर्जून सुचवू. नगरपालिकेच्या बागेपासून आबाद फारिया रस्त्याने निघायचे, होली स्पिरिट चर्चच्या चौकातून जुन्या बाजाराकडे, आणि पुढे फातोर्डा. चर्चसमोरच्या त्या मोकळ्या चौकात पहिल्यांदा एफसी गोवा संघाच्या नारिंगी जर्सींचे घोळके दिसायला लागतात, आणि जुन्या बाजारापाशी ते एकमेकांत मिसळतात. रेल्वेने येणाऱ्यांनी मात्र मडगाव जंक्शनपासून सगळे अंतर चालू नये. साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्यातला बराचसा भाग नुसता वाहतुकीचा. पायलट (मोटारसायकल टॅक्सी) किंवा रिक्षा घेऊन जुन्या बाजारापर्यंत या, तिथून चाला.

वेळेचे गणित असे. सामना साडेसातचा असेल तर पावणेसहाला कदंब स्टँडवर असावे. तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन घ्या, पाणी पिऊन घ्या, कारण आत बाटली नेता येत नाही. सहाला गाड्यावर खाणे, साडेसहाला गेट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चालताना उजेड उतरत जातो आणि माडांच्या शेंड्यांवर स्टेडियमचे दिवे पेटलेले दिसतात. ते दिवे दिसले की सगळ्यांचीच पावले आपोआप वेगात पडू लागतात. सामना पाचचा असेल तर ही मजा निम्मी होते. ऊन अंगावर असते, घाम निथळतो, आणि पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येते. तेव्हा टोपी हवीच.

चालताना नजर अधूनमधून खालीही असू द्या. सलग फुटपाथ नाही. गटारावरच्या लाद्या काही ठिकाणी हलतात, काही ठिकाणी उचललेल्या असतात, आणि अंधारात त्यांचा अंदाज येत नाही. चप्पल नको, बूट घाला. लहान मूल बरोबर असेल तर त्याला वाहतुकीच्या बाजूला ठेवू नका. स्टँडजवळच्या सर्कलपाशी रस्ता ओलांडताना एकट्याने धावण्यापेक्षा घोळक्याबरोबर जावे, बसवाले घोळक्यासाठी थांबतात.

आता वातावरणाविषयी. नारिंगी रंग सगळीकडे असतो, छातीवर संघाच्या चिन्हातला गवा, हातात स्कार्फ. कुठूनतरी ढोल सुरू होतो, मागून ताशा येतो, एखाद्या गटात ब्रास बँडमधला ट्रम्पेटही असतो, कारण गोव्यात वाजवणारा माणूस शोधावा लागत नाही. ‘फोर्सा गोवा’ची आरोळी एका टोकाला उठते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिला ‘उजो’ची (कोंकणीत आग) जोड मिळालेली असते. घराघरांच्या बाल्कांवांवर म्हातारी माणसे बसलेली असतात. त्यांच्यातल्या अनेकांनी साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या जुन्या क्लबांचे दिवस पाहिलेले आहेत. जाणाऱ्या पोरांना ती विचारतात, आज कोण खेळतो, आणि उत्तर ऐकून आपले मत सांगतात. थांबून ते मत ऐकावे. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकणारा धेंपो क्लब या छोट्याशा राज्यातला. २०१२ला सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले खरे, पण या रस्त्यावर ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेले होते.

पाहुण्या संघाचे समर्थक आले तर चाल आणखी रंगते. केरळवाले कोकण रेल्वेने हजारोंच्या संख्येने येतात. २० मार्च २०२२ची आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) अंतिम लढत, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, याच मैदानावर झाली. त्याआधीच्या दोन अंतिम लढती करोनामुळे रिकाम्या स्टँडांसमोर झाल्या होत्या, त्यामुळे माणसांनी भरलेला रस्ता पुन्हा पाहण्याचे अप्रूप वेगळेच होते, आणि तो रस्ता त्या दिवशी केरळच्या समर्थकांनी पिवळा झाला होता. २२ ऑक्टोबर २०२५ला सौदीचा अल नासर संघ आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीग २ साठी आला. त्यांचा रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ने हरला, पण दोन गोलांनी मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिसने एक गोल फेडला होता. अशा सामन्यांना गोव्याबाहेरचे प्रेक्षकही येतात. त्यांना रस्ता, गेट, खाणे काही माहीत नसते. विचारले तर नीट सांगा. दोन्ही रंगांचे लोक एकाच रस्त्याने चालतात आणि चिडवाचिडवी शब्दांपलीकडे सहसा जात नाही, ही फातोर्ड्याची मोठी जमेची बाजू. कुटुंबाला घेऊन बिनधास्त जाता येते.

खाण्याचा विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही. मॅचच्या दिवशी खायचे ते गाड्यावरचे रोस आमलेट. कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेले आमलेट, त्यावर शागोतीचा (भाजलेल्या मसाल्याच्या कोंबडीचा) गरम रोस, म्हणजे रस्सा, वरून कच्चा कांदा, लिंबू, आणि सोबत पाव. दोघांत एक प्लेट आणि जादा पाव हे प्रमाण चालण्याआधी बरोबर बसते. पूर्ण प्लेट खाऊन रांगेत उभे राहणे जड जाते. सहाच्या सुमारासच खा. गर्दी वाढली की पातेल्यातला रोस वाढवला जातो, पातळ होतो, आणि शागोतीचा भाजलेल्या खोबऱ्याचा वास हरवतो. पातेले आचेवर उकळत असेल तोच गाडा निवडा. कोमट रोस नको. शाकाहारी माणसाला मिरची भजी, बटाटवडा, भाजी-पाव मिळतात आणि तेही चांगले असतात. चोरिसपाव (डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचा पाव) घ्यायचा तर बसून खा. त्याचे लाल तेल नारिंगी जर्सीवर पडले तर निघत नाही.

रस्त्याकडेला जर्सी, स्कार्फ, झेंडे, भोंगे विकायला ठेवलेले असतात. स्कार्फ घ्यावा, तो दहा वर्षे टिकतो. जर्सी घेताना कापड बोटांवर ताणून पाहा. पातळ कापडावर चिकटवलेला नंबर दोन धुण्यांत सोलला जातो. झेंडा काठीशिवाय घ्या. बांबू असो वा प्लॅस्टिकची नळी, गेटवर काढून घेतात, आणि मग नुसते कापड गुंडाळून न्यावे लागते. चेहरा रंगवायचा असेल तर निघण्याआधी घरी रंगवा. पाण्यात विरघळणारा रंग आपल्या दमट हवेत गेटपर्यंतच ओघळतो, म्हणून अगदी पातळ थर द्या आणि डोळ्यांभोवती लावू नका. ढोल आत न्यायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, ऐनवेळी वाद घालून उपयोग होत नाही.

गेटवर खोळंबा होतो तो ठरलेल्या कारणांनी, आणि त्यातली बरीचशी आपल्या हातातली आहेत. पहिले कारण फोन. हजारो माणसे एका जागी आल्यावर नेटवर्क बसते आणि तिकिटाचा क्यूआर कोड उघडत नाही. एकाचा कोड उघडेना की मागची सगळी रांग थांबते. तिकीट घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून ठेवा. चौघांची तिकिटे एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच रांगेत लागा, नाहीतर एक जण आत आणि तिघे बाहेर अशी वेळ येते. दुसरे कारण सामान. पाण्याची बाटली, लायटर, नाणी, पॉवर बँक, मोठी बॅग, आणि विशेषतः हेल्मेट सहसा आत सोडत नाहीत. हेल्मेट गाडीला साखळीकुलपाने बांधून या, किंवा ओळखीच्या दुकानात ठेवा. गेटपाशी ठेवायला भरवशाची जागा नसते, आणि कुंपणावर टांगलेले हेल्मेट परत सापडेलच असे नाही. तिसरे कारण चुकीचे गेट. आतून एका स्टँडमधून दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून चुकलात तर बाहेरून सगळा वळसा गर्दीच्या उलट दिशेने घालावा लागतो. तिकिटावरचा गेट नंबर चालतानाच पाहून घ्या. साडेसहाला पोचलात तर पाच-दहा मिनिटांत आत जाता. सात ते साडेसात हा वेळ सर्वांत वाईट, आणि तेव्हा आलेल्यांचा पहिला गोल हमखास रांगेतच जातो. तोंडाला दारूचा वास असेल तर परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

आता परतीचे बोलू. इथे मनापासून तक्रार आहे. साडेसातचा सामना सव्वानऊ-साडेनऊला संपतो. गोव्यातल्या खासगी बसगाड्या रात्री आठनंतर विरळ होतात, आणि सामना संपेपर्यंत बहुतेक मार्गांवर काही उरत नाही. मोठ्या सामन्याला पणजी, वास्को, फोंडा, काणकोण या चार दिशांना जादा बसगाड्या सोडल्या तर निम्मे लोक गाडी घरी ठेवून येतील आणि फातोर्ड्याचे रस्ते मोकळे होतील. तोपर्यंत आपली सोय आपणच करायची. गावातले दहा-पंधरा जण मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणे सर्वांत स्वस्त आणि निर्धास्त. गाडी जुन्या बाजाराच्या बाजूला उभी करायला सांगा, स्टेडियमजवळ नको. ॲपवरची टॅक्सी स्टेडियमच्या दारातून बोलावली तर ड्रायव्हर गर्दीत शिरू शकत नाही आणि फेरी रद्द करतो. आधी कदंब स्टँडपर्यंत चालत या, मग बुक करा. पायलटने जायचे तर येतानाच त्याचा नंबर घेऊन भाडे ठरवा.

गर्दी चुकवायला पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठणाऱ्यांनी २० डिसेंबर २०१५ची आयएसएलची अंतिम लढत आठवावी. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ने पुढे होता, आणि शेवटच्या काही क्षणांत चेन्नईयिनने दोन गोल करून चषक नेला. शेवटपर्यंत बसा, शिट्टी वाजल्यावरही पंधरा-वीस मिनिटे जागेवरच थांबा, मग जिने आणि रस्ता दोन्ही मोकळे मिळतात. आणि अंतिम लढत असेल तर वेळ आणखी वाढवून धरा. फातोर्ड्यातल्या २०२२ आणि २०२३च्या आयएसएल अंतिम लढती पेनल्टीपर्यंत गेल्या. ७ डिसेंबर २०२५ला गोव्याने ईस्ट बंगालविरुद्ध सुपर कप जिंकला तोही पेनल्टीवरच. जादा वेळ, पेनल्टी आणि बक्षीस समारंभ धरला तर साडेदहा सहज वाजतात. अशा दिवशी ड्रायव्हरला अकराची वेळ द्या आणि थांबण्याचे पैसे सकाळीच ठरवून ठेवा.