व्हेंटॉय : विंडोज टाकताना मशीनसमोर बसायची गरज उरली नाही, एक प्रश्न सोडून

बार्शीत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे 'फॉरमॅट मारून 11 टाकून द्या' म्हणणाऱ्यांची रीघ लागली. विंडोज टाकणं अवघड नाहीच, पण ते माणसाला जागेवर बांधून ठेवतं. भाषा विचारते, करार मान्य करा म्हणते, देश विचारते, वायफाय मागते, मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते, मग लोकेशन देऊ का, जाहिराती दाखवू का. तुम्ही चहाला गेलात की ती तुमची वाट बघत थांबते. टेबलावर तीन मशीन असली तर दिवस 'नेक्स्ट' दाबण्यात जातो.

त्यावर मी सध्या व्हेंटॉय वापरतो. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून विंडोज टाकायचं हे सॉफ्टवेअर, 2020 मध्ये आलेलं, ओपन सोर्स आणि फुकट. बनवणारा लाँगपांडा या नावाने वावरतो. बहुतेकांना हे 'एका पेनड्राइव्हवर अनेक विंडोज' म्हणून माहीत असतं, आणि तेवढं ते चोख करतं. एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की आयएसओ फाइल (विंडोज टाकायचं सगळं सामान एकाच फाइलीत) नुसती कॉपी करायची, बर्न वगैरे भानगड नाही. पेनड्राइव्हचे दोन भाग होतात. मोठा भाग एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यात आपल्या फाइली. दुसरा 32 एमबीचा, त्यात व्हेंटॉय स्वतः. मोठा भाग जुन्या फॅट32 पद्धतीचा नसल्यामुळे 4 जीबीच्या वरच्या फाइलची अडचण येत नाही. माझ्या पेनड्राइव्हवर विंडोज 10, 11, उबुंटू, मिंट (ही दोन्ही लिनक्स) आणि हार्डडिस्क तपासायची एक युटिलिटी आहे, आणि उरलेल्या जागेत ड्रायव्हर.

पण मी हे लिहायला घेतलं ते त्यातल्या ऑटो इन्स्टॉल प्लगिनसाठी, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपोआप देणाऱ्या जोडसोयीसाठी. दुकानदार मंडळी याच्याकडे का बघत नाहीत कळत नाही.

विंडोजला सगळी उत्तरं आधीच लिहून दिलेली एक एक्सएमएल फाइल देता येते. ही सोय मायक्रोसॉफ्टचीच आहे आणि जुनी आहे. कंपन्यांचे आयटीवाले ती वर्षानुवर्षं वापरतात. हाताने लिहायची गरज नाही. क्रिस्टोफ श्नीगन्स यांच्या साइटवर फॉर्म भरला की तयार फाइल मिळते. व्हेंटॉयमध्ये कुठल्या आयएसओला कुठली फाइल लावायची ते एका जेसन फाइलमध्ये (सेटिंग लिहायची साधी मजकुराची फाइल) लिहायचं. त्यात एक स्वल्पविराम चुकला तरी प्लगिन चालत नाही, म्हणून व्हेंटॉयसोबत येणारा प्लगसन हा प्रोग्राम चालू करा. ब्राउझरमध्ये पान उघडतं, तिथे फाइली निवडायच्या, जेसन ते स्वतः लिहितं. मग बूट करताना मेनूतून आयएसओ निवडली की विचारतं, टेम्पलेट (म्हणजे ती उत्तरांची फाइल) लावू की न लावता जाऊ. एकाच आयएसओला अनेक टेम्पलेटही देता येतात. माझी दोन आहेत, एक घरगुती गिऱ्हाइकासाठी आणि एक डीटीपीवाल्यांसाठी. दुसऱ्यात मराठी कीबोर्ड आधीच जोडलेला असतो. भाषेचा कोड 044ई लिहिला की पहिल्यांदा डेस्कटॉप येतो तेव्हाच टास्कबारवर मराठी दिसते. गिऱ्हाइकाला याचंच सगळ्यात कौतुक. टाइमझोन भारताचा, लोकल अकाउंट, प्रायव्हसीचे सगळे प्रश्न 'नाही'. मी तोवर दुसऱ्या लॅपटॉपचं बिजागर बसवत असतो.

आता तो एक प्रश्न : कुठली डिस्क पुसायची? टेम्पलेटमध्ये डिस्क पुसून पार्टिशन पाडायलाही सांगता येतं. नेटवरच्या बऱ्याच तयार फाइलींत 'डिस्क 0 पूर्ण पुसा' असंच लिहिलेलं असतं. नव्या कोऱ्या मशीनला हे ठीक. आमच्याकडे येणारं मशीन मात्र बाजार समितीतल्या आडत्याचं असतं. जुन्या डेस्कटॉपला मागाहून एसएसडी टाकून घेतलेली, मूळची हार्डडिस्क 'डी'साठी तशीच ठेवलेली, आणि त्या डीमध्ये टॅलीचा डेटा. मदरबोर्डच्या पहिल्या पोर्टला अजून ती जुनी हार्डडिस्कच लावलेली असते, त्यामुळे पुष्कळदा डिस्क 0 तीच निघते. पुढचं सांगायला नको.

व्हेंटॉयने यावरही थोडी सोय केली आहे. डिस्कच्या नंबराच्या जागी त्याचा एक व्हेरिएबल (ठरावीक शब्द) लिहिता येतो आणि मग 'व्हेंटॉयची नसलेली पहिली डिस्क' किंवा 'सगळ्यात मोठी डिस्क' असं सांगता येतं. पेनड्राइव्ह स्वतःलाच पुसण्यापासून वाचतो. पण आडत्याच्या मशीनमध्ये सगळ्यात मोठी डिस्क म्हणजे टॅलीचीच. म्हणून माझ्या टेम्पलेटमध्ये डिस्कचा भागच नाही. श्नीगन्सच्या फॉर्ममध्ये पार्टिशन स्वतः निवडण्याचा पर्याय आहे, तोच घ्या. सेटअप फक्त त्या एका पानावर थांबतो. आपण डिस्कचा आकार बघायचा, गिऱ्हाइकाला विचारायचं, "काका, बॅकअप घेतलाय ना?" आणि मग पुढे जायचं. तिथून डेस्कटॉपपर्यंत हात लावावा लागत नाही. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्येही 'एवढं मात्र मला विचार' असं स्टोरेजसाठी लिहून ठेवता येतं. एका शाळेच्या लॅबला उबुंटू टाकून दिलं तेव्हा तिथेही मी डिस्क विचारायलाच लावली होती.

त्रास कुठे होतो? सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बूट केलं की निळा पडदा येतो, 'व्हेरिफिकेशन फेल्ड', 'सिक्युरिटी व्हायोलेशन'. समोर गिऱ्हाईक असेल तर त्याचा चेहरा पडतो. घाबरायचं नाही. ओके, मग दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटण, मग 'एनरोल की फ्रॉम डिस्क', तिथे व्हेंटॉयचा छोटा भाग, त्यातली सर्टिफिकेटची फाइल, आणि रीबूट. त्या लॅपटॉपला पुन्हा करावं लागत नाही. दुकानात मात्र रोज नवा लॅपटॉप, म्हणजे रोज हेच. मी बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) सिक्युअर बूट तात्पुरता बंद करतो आणि काम झालं की आठवणीने चालू करतो.

दुसरं, काही नव्या इंटेल लॅपटॉपवर सेटअपला एसएसडीच दिसत नाही. हा दोष व्हेंटॉयचा नाही. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा आणि डिस्कच्या पानावर 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. तिथे सेटअप थांबलेलाच असतो, हा आणखी एक फायदा.

विश्वासाचा मुद्दाही आहे. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये तयार बायनरी फाइली (ज्यांच्या आत काय आहे ते वाचून तपासता येत नाही) ठेवलेल्या आहेत आणि 2024 मध्ये एक्सझेड या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा (बॅकडोअर) घुसवल्याचं प्रकरण झाल्यावर त्यावरून बराच गदारोळ झाला. आक्षेप रास्त आहे. घरगुती मशीनला मी बिनधास्त वापरतो. बँकेचं किंवा सरकारी ऑफिसचं मशीन आलं तर मायक्रोसॉफ्टच्या टूलने केलेला वेगळा पेनड्राइव्ह काढतो आणि तीच एक्सएमएल फाइल त्याच्या रूटवर, म्हणजे कुठल्याही फोल्डरबाहेर, ठेवतो. उत्तरं तिथेही तशीच वाचली जातात.

विंडोज 11 ची टीपीएमची (मशीनमधल्या सुरक्षेच्या चिपची) तपासणी टाळायची सोयही व्हेंटॉयमध्ये आहे. पण जुन्या मशीनवर तसं 11 टाकताना, मायक्रोसॉफ्टच्या लेखी हे मशीन बसत नाही आणि पुढे अपडेटची हमी नाही, हे मी बिलावर लिहून देतो.

दहापैकी नऊ. पेनड्राइव्ह मात्र यूएसबी 3 चा आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्या, आणि कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका. आयएसओ अर्धवट झाली असेल अशी शंका आली तर मेनूमध्येच चेकसम (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) काढता येतो. नवीन आवृत्ती आली की 'अपडेट' दाबायचं, आयएसओ जागच्या जागी राहतात. शेजारचंच 'इन्स्टॉल' दाबलं तर पेनड्राइव्ह कोरा.