जुन्या फोटोचं व्हॅल्युएशन: कागद बरोबर ओळखला, शिल्पाकडे बघितलंच नाही

माझ्याकडचा एक जुना फोटो किंमत ठरवायला एका व्हॅल्युएशन सर्व्हिसकडे दिला होता, त्याचा हा रिव्ह्यू. सर्व्हिसचं नाव देत नाहीये, कारण अर्धं काम खरंच चांगलं केलंय त्यांनी.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात प्लास्टरचं अमूर्त शिल्प, दोन पातळ वाकडे पंख एकमेकांत अडकलेले आणि खाली ठोकळा. ना फोटोग्राफरचं नाव ना शिल्पकाराचं, मागे अर्धवट पुसलेला रबरी शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेला एक आकडा, बस.

प्रिंटच्या बाबतीत त्यांचा माणूस पक्का निघाला. स्कॅनवर भागवलं नाही, प्रिंट हातात घेऊन तपासला. जिलेटिन सिल्व्हर (म्हणजे जिलेटिनच्या थरातल्या चांदीने चित्र उमटलेला प्रिंट), फायबर बेसचा, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला कागद, कडेच्या गडद भागात चांदी वर आल्याची आरशासारखी चमक. यूव्ही लाइटखाली कागद चमकला नाही, कारण चमकवणारे ब्राइटनर फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या दशकापासून यायला लागले, म्हणजे कागद त्याआधीचा असायची शक्यता जास्त, पण नुसतं तेवढ्यावरून तारीख ठरत नाही असंही त्यांनी स्वतःहून लिहिलं, हे मला जाम आवडलं.

पण शिल्प? रिपोर्टमध्ये चक्क 'पांढऱ्या दगडातलं शिल्प'! अहो, डाव्या पंखाच्या टोकाचा टवका उडालाय आणि आतून तार डोकावतेय, भिंगातून स्वच्छ दिसते, दगडात तार कुठून येणार? तारेच्या सांगाड्यावर थेट प्लास्टर चढवलंय, आणि अशा कामात ओल शिरली की तार गंजून फुगते आणि प्लास्टर आतूनच तडकतं. म्हणजे ते शिल्प आज कुठे शाबूत असेल याची खात्री नाहीच, आणि नसेल तर हा फोटोच त्याचा पुरावा. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सचं हानोव्हरमधलं मेर्त्सबाऊ, म्हणजे त्याने घरातच उभारलेलं खोलीभर शिल्प, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, त्यातही प्लास्टर भरपूर होतं, आणि आज ते मुख्यतः १९३३ च्या फोटोंवरूनच कळतं. शिल्पकार ब्रांकुसी तर स्वतःच्या शिल्पांचे फोटो स्वतःच काढायचा, त्या प्रिंट्सना कलाकृती म्हणूनच मान आहे. मग शिल्पकार कोण, फोटो त्यानेच काढलाय का, शिल्प उरलंय का, हे नको विचारायला? रिपोर्टमध्ये यातलं अवाक्षर नाही, 'निनावी' म्हणून किंमत पाडून मोकळे.

मेल टाकला तर दोन ओळींचं उत्तर, दगडाच्या जागी प्लास्टर केलं, आकडा तोच. शिवाय तो आकडा विम्यासाठी धरायचा की विक्रीसाठी हेही लिहिलेलं नाही, दोन्हींत बराच फरक पडतो हो. (पॅकिंग मात्र एक नंबर, दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा, कोपरेसुद्धा दुमडले नाहीत.)

पाचपैकी तीन स्टार. प्रिंट जुना आहे की नंतर काढलाय एवढंच हवं असेल तर बिनधास्त द्या. माझ्या फोटोच्या शिक्क्याचा क्लोजअप आता शिल्पकलेच्या एका अर्काइव्हला पाठवलाय, तिकडून काही कळलं तर इथेच टाकते.