पारव्यांची जाळी: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक उत्तरायण काढल्यानंतर

वडोदऱ्यातली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, तोंड पश्चिमेला, उघडा भाग १० फूट रुंद आणि ७ फूट उंच. तिथे गेल्या मार्चपासून काळ्या रंगाची एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) जाळी आहे. दोरा वेणीसारखा विणलेला, प्रत्येक चौकोन ५० मिलिमीटरचा, कोपऱ्याकोपऱ्याला गाठ. मे महिन्यातलं ४२ अंशांच्या पुढचं ऊन, नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस, दिवाळी आणि उत्तरायण (गुजरातेतली पतंगांची संक्रांत) हे सगळं तिने पाहिलं आहे. पारवे आत आलेले नाहीत, एवढं पहिल्यांदाच सांगतो. पण "एकदा लावली की दहा वर्षं बघायला नको" हे विकणाऱ्यांचं वाक्य मनावर घेऊ नका. जाळी ताठ असेल तोवर ती घर राखते आणि पक्ष्यांनाही इजा करत नाही. सैल पडली की तीच फास बनते.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक पारदर्शक, एकाच तंतूची नायलॉनची. दुसरी विणलेल्या दोऱ्याची एचडीपीई. दुकानात पारदर्शक जाळी जास्त देखणी वाटते, "दिसतच नाही" म्हणून लोक ती घेतात. अडचण नेमकी तिथेच आहे: आपल्याला दिसत नाही तशी ती संध्याकाळी वटवाघळालाही नीट कळत नाही, आणि पारव्यामागे सूर मारणाऱ्या शिक्र्यालाही. बारीक तंतू पंखाच्या मुळाशी कापत जातो. शिवाय नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की लांबतं, त्यामुळे ऐन पावसाळ्यात जाळीला झोळ येतो. एचडीपीई पाणी शोषत नाही. त्याचा दोष वेगळा: सतत ताण आणि वर ऊन असलं की ते हळूहळू ओघळल्यासारखं लांबत जातं. म्हणून मार्चमध्ये तबल्यासारखी ताठ बसवलेली जाळी जूनच्या आरंभी मध्यावर बोटभर मागेपुढे हलू लागते. यात फसवणूक नाही, तो त्या प्लास्टिकचा गुणधर्म आहे. उन्हाळा संपताना एकदा ताण द्यायचा हे धरूनच चालावं.

रंग काळाच घ्या. काळ्या एचडीपीईत काजळी मिसळलेली असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवण्यात तिच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. पांढरी जाळी उन्हात चमकते, आतून बाहेर बघताना नजर तिच्यावरच अडते. काळी जाळी आठवडाभरात डोळ्यांना सवयीची होते.

चौकोनाचं माप स्वतः पट्टी लावून मोजा, एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत. काही जण तिरका ताणून माप सांगतात आणि ५० च्या नावाखाली दुसरंच काही देतात. पारव्यासाठी ५० मिलिमीटर पुरेसं आहे. त्यातून चिमणी, सूर्यपक्षी आणि खार आरामात ये-जा करतात, आणि माझ्या मते ही या मापाची मोठीच जमेची बाजू आहे: जास्वंदीवर सूर्यपक्षी अजून येतात. साळुंकीएवढा पक्षी थांबवायचा असेल तर २८ मिलिमीटर लागते, चिमणीसाठी १९. पण जितकी बारीक जाळी तितका वारा अडतो आणि कडेच्या हुकांवर भार वाढतो. खारीच्या दातांपुढे मात्र कोणताही प्लास्टिकचा दोरा टिकत नाही. कुंड्यांजवळ खालच्या फूटभर पट्ट्यात अर्ध्या इंची जस्ती तारेची जाळी आतून लावली की तिथलं कुरतडणं थांबतं.

आता बसवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण जाळी मध्यावर फारशी फाटत नाही, ती कडेला हार खाते. फिटिंगवाले चौरस फुटाचा दर सांगतात तेव्हा तो जाळीचा असतो. हुक कुठला आणि किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. लोखंडी हुकाला नुसता मुलामा असेल तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात. स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे हुक मागावेत. आमच्या मापाला परीघ ३४ फूट, दर फुटाला एक याप्रमाणे ३४ हुक. दोन फुटांवर एक लावला तर मधल्या भागात कड कमानीसारखी आत ओढली जाते आणि तिथेच पारवा मान घालून बघतो. त्याची पद्धतच ती: उडत येऊन मध्यावर आदळत नाही, कठड्यावर उतरून कडेकडेने चालत फट शोधतो.

हुकासाठी ६ मिलिमीटरच्या बिटाने भोक, खोली गिट्टीपेक्षा (हुक धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खुंटीपेक्षा) अर्धा सेंटिमीटर जास्त, भोकातली भुकटी फुंकून काढायची आणि मग गिट्टी ठोकायची. भुकटी राहिली तर गिट्टी अर्धीच बसते आणि हुक ताणाने फिरतो. भिंतीच्या कडेपासून दोन इंच तरी आत भोक हवं, नाहीतर गिलाव्याचा टवका उडतो. हुकाचं तोंड वर वरच्या दिशेला, खाली खालच्या दिशेला, बाजूंना बाहेरच्या दिशेला. ताण वाढेल तशी जाळी हुकात आणखी घट्ट बसली पाहिजे, निसटता कामा नये.

जाळी थेट हुकात अडकवू देऊ नका. ४ मिलिमीटरचा कडेचा दोर जाळीच्या कडेच्या प्रत्येक चौकोनातून ओवायचा आणि तो दोर हुकांवर चढवायचा. थेट अडकवली तर सगळा भार हुकाजवळच्या एकाच दोऱ्यावर येतो, आणि वादळी वाऱ्यात तो तुटला की शेजारचे एकामागून एक सुटत जातात. दोर गुंडाळण्यापुरती एक ओळ जास्त ठेवून जाळी कापावी. "असू दे, मागाहून कामाला येईल" म्हणून वीतभर जास्त ठेवली की तो वीतभर झोळ होतो. चौकोन चौकोनच दिसले पाहिजेत. ते समभुज शंकरपाळ्यासारखे ओढले गेले असतील तर जाळी तिरकी बसली आहे, काढून पुन्हा लावायला सांगावं. सगळं झाल्यावर तळहाताने मध्ये दाबून पाहावं. जाळी दाबली जावी, पण हात काढताच जागेवर यावी.

कठड्याच्या आतून लावायची की बाहेरून? बाहेरून, निःसंशय. आतून लावली तर कठड्याची वरची पट्टी पारव्यांना बसायला मोकळी राहते आणि विष्ठा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. मात्र बाहेरून काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा आणि दोर असलाच पाहिजे. त्याच्याकडे नसेल तर काम त्या दिवशी थांबवावं. यात संकोच नको.

एसीचं बाहेरचं यंत्र गॅलरीत असेल तर त्या बाजूला चेन असलेली पट्टी आधीच शिवून घ्या. नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला येणारा मनुष्य जाळी कापतो आणि काळी सुतळी बांधून जातो. तांब्याच्या नळ्या जिथून भिंतीत शिरतात तिथली फटही बुजवायची राहून जाते.

बसवण्याआधी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: घरटं. पारव्याचं घरटं म्हणजे चार काड्या आणि एखादी तार, एसीच्या मागे ते दिसतसुद्धा नाही. अंडी दोन. ती उबायला साधारण १८ दिवस लागतात, आणि पिल्लं उडायला त्यानंतर जवळजवळ एक महिना. आत पिल्लं असताना जाळी लावली तर आईबाप बाहेर राहतात. दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीतलं दुधासारखं द्रव्य पिल्लांना भरवतात, दुसरं अन्न कोवळ्या पिल्लाला चालत नाही. ती आत उपाशी मरतात. म्हणून थांबावं. पण थांबण्यातही नेमकेपणा हवा, कारण पहिली पिल्लं उडायच्या आतच मादी पुढची अंडी घालू शकते. पिल्लं उडाली त्याच दिवशी काड्या उचलायच्या आणि फिटिंगवाल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची. अंडं नसलेलं नुसतं घरटं असेल तर रोज काढत राहावं.

जुनी विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसात गेली तर ॲलर्जीमुळे होणारा फुप्फुसदाह होऊ शकतो, तिच्यात बुरशीही वाढते. तोंडाला एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्याचा फवारा, पंधरावीस मिनिटं भिजू देणं, मग पत्र्याने खरवडून पिशवीत भरणं, हा क्रम. आपल्याकडे गॅलरीत बहुधा कोटा फरशी असते. तो चुनखडीचा दगड आहे, संडास साफ करायचं ॲसिड त्यावर ओतलं तर चकाकी कायमची जाते. ब्लीच वापरत असाल तर त्यात ॲसिड कधीही मिसळू नये, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

जाळी लागल्यावर पहिले काही आठवडे पारवे येऊन जाळीला छाती लावतात, कठड्याखाली फिरतात. जागेची त्यांना फार ओढ असते. तेवढ्यात कुठे फट सापडली नाही तर येणं कमी होतं. या दिवसांत रोज सकाळी कोपरे बघावेत.

दिवाळीत भलतीकडे लक्ष द्यावं लागतं. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं. तुळशीपुढची पणती जाळीपासून दोन फूट तरी लांब हवी. आकाशकंदील जाळीला टांगू नये, त्याच्यासाठी छताला वेगळा हुक लावावा. फटाक्याच्या ठिणगीने पडलेलं भोक लहान दिसतं, पण एक दोरा तुटला की दोन चौकोनांचा एक होतो आणि तेवढ्यातून पारवा जातो.

आणि मग उत्तरायण. या शहरात जाळीची खरी परीक्षा १४ जानेवारीला आणि वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, होते. तुटलेला पतंग, त्यामागचा मांजा, सगळं येऊन जाळीत अडकतं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो दिसतोच. सुती मांज्यालाही काचेची पूड असतेच. असा मांजा जाळीवर राहिला तर तो वाऱ्याने घासून जाळीचे दोरे कापतो, आणि पक्ष्यांसाठी तर तो सुराच. संध्याकाळी पतंग उतरले की जाड हातमोजे घालून तो काढावा, ओढून नव्हे तर कात्रीने वीतवीतभराचे तुकडे करत. ओढला की दोरा कापला जातो. तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत, गच्चीवरून खाली सोडू नयेत. आमच्या जाळीचे तीन दोरे या हंगामात गेले, तेही मांजा घासूनच.

पक्षी जखमी सापडला किंवा जाळीत अडकला तर आधी त्याच्यावर हलका टॉवेल टाकावा. अंधार झाला की तो धडपड थांबवतो. पंख सोडवत बसू नये, जाळीचे दोरे कापावेत. जाळी शिवता येते. मग भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत जागी ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. गुजरातेत पशुपक्ष्यांच्या मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि जानेवारीत करुणा अभियानाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी केंद्रंही चालतात.

इतर उपायांशी तुलना विचाराल तर: चमकत्या पट्ट्या आणि प्लास्टिकचं घुबड यांना पारवे लवकरच सरावतात. अल्ट्रासोनिक यंत्राचा आवाज त्यांना ऐकूच येत नाही, पक्ष्यांची श्रवणशक्ती तिथवर पोचत नाही. चिकट जेल तर लावूच नका, उन्हात वितळतं आणि त्यात सूर्यपक्ष्यासारखे लहान जीव अडकतात. खिळ्यांच्या पट्ट्या अरुंद कठड्यावर चालतात, रुंद जागी पारवे त्यांच्यावरच काड्या रचतात.

दोन गैरसमज मात्र महाग पडतात. ही जाळी लहान मुलांच्या सुरक्षेची नाही. तिचे हुक आणि दोरा माणसाच्या वजनासाठी नसतात. मुलं असतील तर वेगळी, जाड दोऱ्याची सेफ्टी जाळीच लावावी. मांजर पाळलेलं असेल तरी हाच सल्ला: ५० मिलिमीटरच्या चौकोनात पिल्लाचं डोकं जातं आणि अडकतं. आणि जाळीने पारवे कमी होत नाहीत. इथे चबुतऱ्यावर दाणा घालण्याची चाल जुनी आणि मनापासूनची आहे, ती जाळीवाल्यांच्या सोयीने थांबणार नाही. दाणा गेटजवळ, गॅलऱ्यांच्या खालीच पडत असेल तर तो लांब, मोकळ्या जागी हलवण्याविषयी सोसायटीत गोडीने बोलता येतं. एकाच घराने जाळी लावली तर पारवे शेजारच्या गॅलरीत जातात, म्हणून एका रांगेतल्या सगळ्यांनी एकदमच लावून घ्यावी. दरही थोडा उतरतो. डक्टला (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीला) वरून आडवी जाळी लावत असाल तर खालची तोंडंही बंद करा. खालून शिरलेला पक्षी वर उडतो आणि बाहेर पडायला त्याला वाटच उरत नाही.

फिटिंगच्या वेळी उरलेला दोन बाय दोन फुटांचा तुकडा मागून घ्या, बरेचदा ते तो घेऊन जातात. तुटलेल्या जागी चारही बाजूंनी एक चौकोन जास्त असा तुकडा ठेवायचा, त्याच दोऱ्याने प्रत्येक गाठीशी बांधायचा, आणि दोऱ्याची टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवायची, म्हणजे वेणी उसवत नाही. केबल टायने बांधायचं असेल तर काळेच टाय घ्या, पांढरे उन्हाने एका वर्षात ठिसूळ होऊन तुटतात.