जीआरईचे गणित : ‘आधी मर्यादा, मग आकडेमोड’ या पद्धतीचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या गणिताची तयारी करताना गेले काही महिने मी एक शिस्त कटाक्षाने पाळली आहे. संभाव्यतेचे किंवा असमानतेचे उदाहरण समोर आले की, विचारलेली राशी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकते, हे आकडेमोडीआधी कागदावर लिहायचे. सप्टेंबर २०२३ पासून गणिताच्या पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २६ मिनिटांत १५ प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटे मिळत असताना ही जादा ओळ परवडेल का, ही शंका रास्त आहे. माझ्या अनुभवात ती परवडते, आणि तुलनेच्या प्रश्नांत तर ती वेळ वाचवते.

या प्रश्नांत दोन राशी देऊन पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, की ठरवता येत नाही, एवढेच विचारतात. समजा, ‘अ’ या घटनेची संभाव्यता ०.७ आणि ‘ब’ची ०.६ आहे, आणि दोन्ही एकत्र घडण्याच्या संभाव्यतेची तुलना ०.४२ शी करायची आहे. हात आपोआप गुणाकाराकडे जातो. पण घटना स्वतंत्र आहेत, म्हणजे एकीचा दुसरीच्या संभाव्यतेवर परिणाम होत नाही, असे प्रश्नात कोठेही म्हटलेले नसते. दोन्ही संभाव्यतांची बेरीज १.३ होते आणि दोहोंपैकी निदान एक घडण्याची संभाव्यता १ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सामाईक भाग ०.३ पेक्षा कमी असणे अशक्य. शिवाय तो ०.६ पेक्षा जास्तही असू शकत नाही. ०.४२ या पट्ट्याच्या आत पडते, म्हणून उत्तर ‘ठरवता येत नाही’. त्याच प्रश्नात ०.४२ च्या जागी ०.२५ असते, तर पहिली राशी नेहमीच मोठी ठरली असती. संभाव्यतेचा प्रश्न येथे मुळात असमानतेचाच असतो, आणि हे दिसू लागणे हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

निव्वळ असमानतांत मर्यादा म्हणजे चिन्ह कोठे बदलते ते बिंदू. (क्ष + १)/(क्ष − २) > ३ यात दोन्ही बाजूंना सरळ क्ष − २ ने गुणले, तर क्ष < ३.५ असे अर्धवट उत्तर मिळते, कारण छेद ऋण असल्यास असमानतेचे चिन्ह उलटते. सर्व पदे एका बाजूला आणली की (७ − २क्ष)/(क्ष − २) > ० उरते. २ आणि ३.५ संख्यारेषेवर मांडले की उत्तर या दोहोंमधले, हे लगेच दिसते. शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक घालून पाहण्याची प्रचलित युक्ती मी सोडलेली नाही. मात्र दोन संख्यांनी वेगवेगळे निकाल दिले तरच ती निर्णायक ठरते. सगळ्यांनी एकच निकाल दिला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मोजणीच्या उदाहरणांत ही पद्धत फारशी कामाची नाही. ५ लाल आणि ३ निळ्या चेंडूंतून एकदम ३ काढताना निदान एक निळा येण्याची संभाव्यता ० आणि १ च्या दरम्यान आहे, हे लिहून काय साधणार? तेथे पूरक घटनाच, म्हणजे एकही निळा न येणे, घ्यावी आणि तिची संभाव्यता १ मधून वजा करावी : तिन्ही लाल येण्याचे ५६ पैकी १० प्रकार, म्हणून उत्तर ४६/५६, म्हणजेच २३/२८.