चिठ्ठी देऊन पाठवायचं, की आधी विचारून?

आफ्रिकेतल्या मलावी देशात जिल्हा रुग्णालयात सर्जन सहसा नसतो. ऑपरेशन करतात ते क्लिनिकल ऑफिसर; डॉक्टरची पदवी नाही, पण सिझेरियनला हात बसलेला. त्यांच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ किंवा लिलाँग्वेच्या कामुझूसारख्या मोठ्या रुग्णालयात जातो.

जुनी पद्धत चिठ्ठीची. दोन ओळी खरडायच्या आणि रुग्णाला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं, अर्थात डिझेल असेल तर. सोबत नातेवाईक हवाच, कारण तिथला स्वयंपाक आणि उठबस त्यालाच बघावी लागते. सरकारी उपचार मोफत, पण परतीचं भाडं कुणी द्यायचं? आणि एवढी यातायात करून कळतं, की प्लॅस्टर गावाकडेही झालं असतं.

दुसरी पद्धत व्हॉट्सॲपची. जिल्हा रुग्णालयांतली शस्त्रक्रिया सुधारण्यासाठीच्या सर्ज-आफ्रिका प्रकल्पात मलावीत असे गट चालवले गेले. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरायचा, नाव झाकायचं, फोटो टाकायचा. पलीकडून सर्जन सांगतो, 'तिथेच कर, असं कर' किंवा 'मंगळवारी पाठव, त्या दिवशी मी आहे'. मला हीच पद्धत पटते. फेरी वाचते हे झालंच, पण विचारता विचारता जिल्ह्यातल्या माणसाचा हात तयार होतो. चिठ्ठीला मात्र उत्तर क्वचितच येतं.

अडचणी आहेतच: रेंज, डेटाचा खर्च, सर्जनचा जादा वेळ. आणि पोटात रक्तस्राव होत असेल, तर उत्तराची वाट बघत बसू नये. गाडी सोडावी, फोन मागाहून करावा.